बिअरच्या नळामागचा नायट्रोजन

पिंपरी-चिंचवडला मिळणारे पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते. पाणी कमी आले, गढूळ आले की रावेतचे नाव बातमीत येते आणि त्यावर घरोघरी बोलले जाते. हवेतून वेगळ्या काढलेल्या वायूंवर मात फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक याच औद्योगिक पट्ट्यात, चाकणला, हवा अतिथंड करून तिचे घटक सुटे करणारे मोठे प्रकल्प आहेत. २०२०-२१च्या साथीत रुग्णालयांच्या दारात उभ्या राहिलेल्या टँकरमुळे ते लोकांना माहीत झाले. साथ ओसरली आणि विषय मागे पडला. त्या प्रकल्पांत प्राणवायूबरोबर त्याच्या जवळजवळ चौपट प्रमाणात हाताशी असणारा वायू म्हणजे नायट्रोजन. हवेचा ७८ टक्के भाग त्याचाच. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत लेझरने पत्रा कापताना तो वापरतात, वेफर्सच्या पाकिटात तो भरलेला असतो, पेट्रोल पंपावर टायरमध्येही तो मिळतो. आता जगभरातले बिअर बनवणारे त्याच्याकडे वळू लागले आहेत, कारण त्यांचा नेहमीचा वायू, कार्बन डायऑक्साइड, अधूनमधून मिळेनासा होतो आहे.

पुण्याचा या विषयाशी संबंध जुना आहे. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी २००९ मध्ये पुण्यातल्या एका हॉटेलात सुरू झाली. तिचे नाव ‘डूलाली’, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीवरून गोऱ्या सैनिकांच्या बोलीत शिरलेला शब्द. त्यानंतर पुण्या-मुंबईत जागेवर बिअर बनवणाऱ्या उपाहारगृहांचे पेव फुटले. ‘पेव फुटणे’ हा शब्दप्रयोग इथे निव्वळ अलंकार म्हणून आलेला नाही. पेवाचा आणि या वायूंचा संबंध पुढे येणारच आहे.

ज्याची टंचाई, तोच सोडून द्यायचा

बिअरमधला कार्बन डायऑक्साइड मुळात यीस्टच तयार करते. माल्टमधल्या साखरेचे यीस्ट दोन भाग करते, एक अल्कोहोल आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड. वजनाने दोन्ही जवळजवळ सारखे निघतात. पाच टक्के अल्कोहोलची एक लिटर बिअर तयार होताना सुमारे ३८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पिणाऱ्याच्या ग्लासात पोहोचणाऱ्या बिअरमध्ये मात्र लिटरमागे पाचेक ग्रॅमच विरघळलेला असतो. म्हणजे हजार लिटरची एक टाकी काही दिवसांत ३८ किलो वायू हवेत सोडते. बाजारात हा वायू ३० किलोच्या सिलिंडरमध्ये मिळतो. एका टाकीतून सिलिंडरभराहून जास्त वायू वाया जातो आणि त्याच टाकीतली बिअर फसफसती करायला, ती केगमध्ये ढकलायला आणि टाक्यांतली हवा हुसकून लावायला बाहेरून सिलिंडर विकत आणला जातो. विहिरीशेजारी राहून टँकर मागवण्यासारखाच हा प्रकार.

असे होण्याला कारण आहे. यीस्टने सोडलेल्या वायूत सुरुवातीला हवा मिसळलेली असते, पुढे गंधकाचे वास येतात. तो धुऊन, कोरडा करून, दाबून साठवायची यंत्रणा मोठ्या कारखान्यांना परवडते. हॉटेलातल्या चार टाक्यांसाठी ती आजवर परवडत नव्हती. त्यामुळे छोट्यांचा सगळा भार विकतच्या वायूवर.

हा विकतचा वायू येतो कुठून, हे पाहिले की टंचाईचे कोडे सुटते. कार्बन डायऑक्साइड कोणी मुद्दाम बनवत नाही. तो दुसऱ्याच्या कामातून उरतो. खतासाठी अमोनिया बनवताना नैसर्गिक वायूतला हायड्रोजन काढून घेतात आणि कार्बन डायऑक्साइड शिल्लक राहतो. तो स्वच्छ असल्यामुळे सोडा, बिअर, कोरडा बर्फ यांच्यासाठी विकला जातो. खताचा कारखाना थांबला की सोड्याची बाटलीही थांबते. २०१८च्या उन्हाळ्यात, ऐन फुटबॉल विश्वचषकात, युरोपातले अनेक अमोनिया कारखाने एकाच वेळी दुरुस्तीसाठी बंद राहिले आणि ब्रिटनमध्ये घाऊक दुकानदारांनी बिअर मोजून द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२१ मध्ये नैसर्गिक वायू महागला म्हणून तिथले दोन खत कारखाने बंद झाले. देशातला निम्म्याहून अधिक कार्बन डायऑक्साइड त्या दोन ठिकाणांहून येत होता. सरकारला पैसे मोजून त्यांतला एक सुरू करावा लागला, कारण प्रश्न केवळ बिअरचा नव्हता. कत्तलखाने आणि अन्नाची पॅकिंगही अडली होती. पुढच्या वर्षी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या नैसर्गिक साठ्यातून येणारा वायूच अशुद्ध निघाला, आणि त्या उन्हाळ्यात तिथल्या छोट्या ब्रुअरींना पुरवठादारांनी वायू देणे कमी केले किंवा थांबवले.

भारतातली खतनिर्मितीही नैसर्गिक वायूवरच चालते आणि आपल्याला लागणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे निम्मा आयात होतो, त्यातला मोठा वाटा आखातातून. आखातात काही बिनसले की युरियाची चिंता आधी होते, ते योग्यच आहे. पण त्याच साखळीच्या टोकाला सोड्याचा कारखानाही बांधलेला आहे. महाराष्ट्राकडे एक जादा आधार आहे, साखर कारखान्यांच्या आसवन्यांचा. इथेनॉलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनात मिसळण्यासाठी इथेनॉलचे उत्पादन वाढले, तसा हा वायूही वाढला. तो पकडून विकणारे आहेत, पण जो पकडला जात नाही तो धुराड्याशेजारून निघून जातो. टंचाईची खरी भीती असेल, तर आधी लक्ष इकडे जायला हवे.

गिनेसचा गणितज्ञ

नायट्रोजन हा त्यावरचा दुसरा उपाय. त्याला खताच्या कारखान्याची गरज नाही; हवा आणि वीज पुरते. एका खोक्याएवढ्या यंत्रात दाबाखालची हवा बारीक छिद्रांच्या कार्बनमधून नेतात. प्राणवायूचे रेणू छिद्रांत चटकन शिरून अडकतात, नायट्रोजन पुढे जातो. दाब सोडला की अडकलेला प्राणवायू निघून जातो आणि पुन्हा तेच चक्र सुरू. हेच यंत्र २०२१च्या एप्रिलमध्ये आयआयटी मुंबईत उलटे वापरले गेले. प्रा. मिलिंद अत्रे यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या गटाने नायट्रोजन यंत्रातला कार्बन काढून जागी झिओलाइट भरले. झिओलाइट नायट्रोजनला धरून ठेवते, त्यामुळे त्याच यंत्रातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळाला. उद्योगांत पडून असलेली यंत्रे रुग्णालयांच्या कामी यावीत, हा त्यामागचा विचार होता.

बिअरमध्ये नायट्रोजन आणण्याचे श्रेय मात्र जुने आहे आणि ते एका गणितज्ञाकडे जाते. आयर्लंडच्या गिनेस कंपनीत काम करणारे मायकल ॲश यांनी १९५९ मध्ये नळातून ओतायच्या काळ्या स्टाउटसाठी कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन वापरण्याची पद्धत बसवली. आजही अशा नळासाठी साधारण तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वापरतात.

दोन वायूंच्या स्वभावातला फरक इथे कामाला येतो. पाण्यात किंवा बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळतो. नायट्रोजन त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढाही मुश्किलीने. कार्बन डायऑक्साइड विरघळल्यावर सौम्य आम्ल होते आणि जिभेला झिणझिण्या आणते. गोटी सोड्याची गोटी आत ढकलल्यावर नाकात जाणारी ती झणक याचीच. नायट्रोजनला चव नाही, आम्ल नाही. नळाच्या तोंडाशी असलेल्या बारीक छिद्रांच्या चकतीतून बिअर जोराने जाते तेव्हा विरघळलेला थोडासा नायट्रोजन अतिशय लहान बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. हे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, कारण बुडबुड्यातला वायू भोवतीच्या द्रवात शिरायलाच तयार नसतो. म्हणून फेस सायीसारखा दाट दिसतो आणि बराच वेळ टिकतो. पुण्या-मुंबईच्या कॅफेंत रुळलेली ‘नायट्रो’ कॉफी याच तत्त्वावर चालते.

पण मग सगळ्याच बिअरना नायट्रोजन का नको? उत्तर सोपे आहे. फिकी, फसफसती बिअर शुद्ध नायट्रोजनने ढकलली तर ती शिळ्या सोड्यासारखी होते. द्रवातला वायू वरच्या मोकळ्या जागेत आपल्याच जातीचा वायू किती आहे तेवढेच पाहतो. दुसरा वायू कितीही दाबाने भरा, त्याला फरक पडत नाही. वर नायट्रोजनच असेल तर बिअरमधला कार्बन डायऑक्साइड हळूहळू निघून तिथे जमतो. केग दोन-चार तासांत रिकामा होणार असेल तर हे लक्षातही येत नाही. चार दिवस राहिला तर गिऱ्हाईक तक्रार करते. म्हणून लांब नळ्यांच्या ठिकाणी दोन्हींचे मिश्रण वापरतात आणि प्रमाण बिअरप्रमाणे बदलते.

जिथे बिअरशी वायूचा संपर्क थोडा वेळच येतो, तिथे नायट्रोजन बिनधास्त चालतो. रिकाम्या टाकीतली हवा काढणे, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बिअर ढकलणे, केग धुतल्यावर आतला प्राणवायू हुसकणे ही ती कामे. छोट्या ब्रुअरीतला विकतचा कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणात याच कामांवर खर्च होतो, हे बाहेरच्याला माहीत नसते. एक जादा फायदाही आहे. टाक्या कॉस्टिक सोड्याने धुतात. आत कार्बन डायऑक्साइड राहिला असेल तर कॉस्टिक तो झपाट्याने शोषते, आत पोकळी होते आणि स्टीलची टाकी बाहेरच्या हवेच्या दाबाने पिचकते. नायट्रोजन कॉस्टिकच्या वाटेला जात नाही. अडचण एवढीच की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा दीडपट जड असल्याने टाकीच्या तळाशी थर धरून हवेला वर ढकलतो, तर नायट्रोजन हवेहून किंचित हलका आहे आणि तिच्यात मिसळून जातो. त्यामुळे तो जास्त वापरावा लागतो आणि आतला प्राणवायू मापूनच खात्री करावी लागते. माप न घेता वायू बदलला तर बिअर लवकर शिळी होते आणि दोष नायट्रोजनला दिला जातो.

‘पर्यावरणपूरक बिअर’ या जाहिरातीकडे मात्र थोड्या संशयाने पाहावे. यीस्टने सोडलेला कार्बन पिकाने काही महिन्यांपूर्वी हवेतूनच घेतलेला असतो, आणि विकतचा वायू खत कारखान्याने तसाही सोडला असता. नायट्रोजन यंत्राला वीज लागते आणि बिअर थंड ठेवायला त्याहून कितीतरी जास्त. नायट्रोजनचा खरा युक्तिवाद पुरवठ्याचा आहे.

पिणाऱ्याच्या पोटात

आरोग्याच्या बाजूने पिणाऱ्याला या बदलाने फारसा फरक पडत नाही. आपण प्रत्येक श्वासात नायट्रोजनच घेतो. ग्लासभर बिअरमधला चिमूटभर नायट्रोजन काही करत नाही. पोट फुगणे, ढेकर येणे थोडे कमी होऊ शकते. फसफसत्या पेयातून अल्कोहोल रक्तात लवकर चढते, असे २००३ मध्ये ब्रिटनमध्ये १२ जणांवर केलेल्या शॅम्पेनच्या प्रयोगात दिसले होते. प्रयोग लहान होता, पुढच्या अभ्यासात सगळ्यांवर सारखा परिणाम दिसला नाही. शिवाय मऊ, न टोचणारी बिअर माणूस भराभर पितो, म्हणजे एका हाताने मिळालेले दुसऱ्या हाताने जाते. अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२३ मधली भूमिका दोन्ही वायूंच्या बिअरला सारखीच लागू आहे.

इथे एक गल्लत टाळायला हवी. द्रवरूप नायट्रोजन ही वेगळी चीज आहे. तो उणे १९६ अंशांवर उकळतो आणि एका लिटरचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. पेल्यातून धूर निघावा म्हणून तो ओतायची फॅशन आली, तेव्हा २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये एका १८ वर्षांच्या मुलीला आपले जठर गमवावे लागले आणि २०१७ मध्ये दिल्लीजवळ एका तरुणाच्या पोटाला भोक पडले. त्यानंतर हरियाणाने खाण्यापिण्यात त्याच्या वापरावर बंदी घातली. नायट्रो बिअर आणि नायट्रो कॉफीचा त्याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.

कंदील विझला तर

धोका पिणाऱ्याला नाही. तळघरात टाकी धुणाऱ्याला, सिलिंडर बदलणाऱ्याला आहे. नायट्रोजनच्या चर्चेत हा भाग बहुतेक वेळा गळतो, म्हणून त्याकडे नीट पाहायला हवे.

आपल्याला श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड गळू लागला तर शरीर बोंब मारते: धाप लागते, डोके ठणकते, घशात आंबट झोंबते. पुष्कळ वेळा माणूस बाहेर पळतो. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड ही जिवाला तातडीने धोका मानली जाणारी पातळी. १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध जाते. नायट्रोजन असा कोणताच इशारा देत नाही. तो श्वासात आत-बाहेर होत राहतो, कार्बन डायऑक्साइड नेहमीप्रमाणे बाहेर पडतो, मेंदूला सगळे ठीक वाटते आणि प्राणवायू मात्र संपत जातो. हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून ४ ते ६ टक्क्यांवर आला तर माणूस ४० सेकंदांत बेशुद्ध होतो. धाप नाही, घुसमट नाही. अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाने १९९२ ते २००२ या काळातल्या नोंदी तपासल्या तेव्हा नायट्रोजनमुळे गुदमरून ८० जण मेल्याचे आढळले. त्यांत काही जण आधी पडलेल्याला वाचवायला गेलेले होते. आपल्याकडे विहिरीत, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकापाठोपाठ एक उतरलेल्यांच्या बातम्या येतात, त्यांचेही स्वरूप हेच असते.

याचा अर्थ कार्बन डायऑक्साइड सुरक्षित आणि नायट्रोजन घातक, असा सरळ नाही. तीन मीटर बाय चार मीटरची, अडीच मीटर उंचीची शीतखोली धरा: ३० घनमीटर हवा. ३० किलोचा कार्बन डायऑक्साइडचा एक सिलिंडर पूर्ण गळला तर सोळा घनमीटरच्या आसपास वायू होतो, आणि तो जड असल्याने खाली साठतो. नायट्रोजनच्या नेहमीच्या मोठ्या सिलिंडरमध्ये सातेक घनमीटरच मावतो. सिलिंडरला सिलिंडर तोलला तर कार्बन डायऑक्साइडच जास्त भयंकर. पण नायट्रोजनचे यंत्र सिलिंडरसारखे संपत नाही. वीज आहे तोवर ते हवेतून वायू काढत राहते, आणि सुटलेली नळी रात्रभर बंद खोलीत तो सोडत राहते. त्यातच कार्बन डायऑक्साइडच्या काळात बसवलेले गळतीसूचक यंत्र नायट्रोजन ओळखतच नाही. वायू बदलला आणि सूचक तोच राहिला, तर भिंतीवरचा हिरवा दिवा निर्धास्तपणे लुकलुकत राहील.

कायद्याची चौकट इथे सैल आहे. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये घातक वायू असलेल्या बंदिस्त जागेत उतरण्याआधी घ्यायची काळजी सांगितली होती. मात्र तो कायदा वीज वापरून काम करणाऱ्या किमान दहा कामगारांच्या जागेला कारखाना मानत होता आणि २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेने ही संख्या वीसवर नेली. हॉटेलच्या आत काचेपलीकडे चकाकणाऱ्या टाक्यांपाशी मोजून दोन-तीन माणसे असतात. टाकीतली परिस्थिती मात्र कारखान्यातल्या टाकीसारखीच असते.

सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवण्याची जमिनीतली पेवे प्रसिद्ध होती. २००५च्या महापुरात त्यांतली पुष्कळ गेली. पेव बंद असताना आतला प्राणवायू कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. माल टिकतो तो त्यामुळेच आणि माणूस मरतो तोही त्यामुळेच. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नसे. काही तास ते मोकळे ठेवायचे, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर उतरायचे नाही. या युक्तीचे वैशिष्ट्य असे की ती कोणता वायू साठला आहे हे विचारत नाही. प्राणवायू पुरेसा आहे का, एवढेच पाहते. कार्बन डायऑक्साइड असो वा नायट्रोजन, ज्योत दोन्हींत विझते.

आज कंदिलाच्या जागी प्राणवायू मापक आहे. मुठीत मावतो, पट्ट्याला अडकवता येतो आणि प्राणवायू १९.५ टक्क्यांखाली गेला की वाजतो. नायट्रोजनकडे वळणाऱ्या ब्रुअरीने असा एक मापक नाकाच्या उंचीवर भिंतीला, एक टाकीत वाकणाऱ्या माणसाच्या अंगावर आणि आधीचा कार्बन डायऑक्साइड सूचक जमिनीलगत तसाच ठेवायला हवा, कारण नायट्रोजन आला तरी यीस्ट कार्बन डायऑक्साइड सोडायचे थांबत नाही. यंत्राची नको असलेली हवा बाहेर काढणारी नळी आणि टाक्यांच्या वायूची नळी खोलीत न सोडता इमारतीबाहेर न्यायला प्लंबरचे एका दिवसाचे काम पुरते. आणखी एक जुनी युक्ती उपलब्ध आहेच: किण्वन संपत आले की टाकीचे तोंड दाब सोडणाऱ्या झडपेसह बंद करायचे. मग यीस्टचा शेवटचा वायू बिअरमध्येच जिरतो, फसफस आपोआप येते, आणि त्यासाठी ना खताच्या कारखान्याकडे पाहावे लागते, ना चाकणकडे.